गालापागोस राष्ट्रीय उद्यान: महिना ठरवण्यापासून परतीच्या विमानापर्यंत

गालापागोसमध्ये काय बघायचं हे तिथे पोहोचल्यावर ठरवता येत नाही. इक्वेडोरच्या या द्वीपसमूहाची सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात मोडते. गावं आणि शेती उरलेल्या तीन टक्क्यांत. उद्यानात पाय ठेवायचा तर तो आखून दिलेल्या ठिकाणी, बहुतेक जागी प्रमाणित गाइडसोबत आणि सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेतच. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठल्या किनाऱ्याला लागणार, हेसुद्धा उद्यान प्रशासनच आखून देतं. म्हणून आखणीचा क्रम असा ठेवा: आधी कोणते प्राणी बघायचे, मग महिना, मग मार्ग, आणि बोट किंवा हॉटेल सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात. स्वस्त विमान आणि देखणी केबिन पकडतात, आणि बेटावर गेल्यावर कळतं की अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी तीन आठवड्यांनी येणार आहेत.

महिना कोणता?

विषुववृत्तावरची बेटं म्हणजे बारमाही कोमट पाणी, हा समज पहिल्याच डुबकीत संपतो. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह थंड पाणी आणतो. पश्चिमेकडून समुद्राच्या पोटातून वाहत येणारा क्रॉमवेल प्रवाह फर्नांदिना आणि इसाबेला बेटांच्या बुडाला धडकून वर उसळतो. त्याच्यासोबत खोलातली पोषकद्रव्यं वर येतात, त्यांवर शैवाल आणि प्लवक पोसतं, त्यावर मासे आणि माशांवर पेंग्विन, बूबी नावाचे समुद्रपक्षी, समुद्रसिंह. पाणी थंड आहे म्हणूनच इथे एवढी जीवसृष्टी आहे. एल निन्योच्या, म्हणजे समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापतो त्या, वर्षी हा पुरवठा तुटतो. १९८२-८३ आणि १९९७-९८ मध्ये समुद्री इग्वाना (मोठे सरडे) आणि पेंग्विन मोठ्या संख्येने उपाशी मेले.

जानेवारी ते मे हा उबदार काळ. पाणी साधारण २४ ते २७ अंश, समुद्र बराच शांत, अधूनमधून पावसाच्या जोरदार सरी आणि एरवी करड्या दिसणाऱ्या बेटांवर हिरवळ. हिरवी समुद्री कासवं याच काळात वाळूत अंडी घालतात. पाण्यात तासन्‌तास राहायचं असेल, मुलं सोबत असतील किंवा बोट लागत असेल, तर हे महिने सोयीचे.

जून ते डिसेंबर थंड काळ. आकाश ढगाळ, डोंगरमाथ्यावर ‘गारुआ’ नावाची बारीक झिरमिर, पाणी १८ ते २२ अंश आणि पश्चिमेला त्याहूनही गार. ऑगस्ट ते ऑक्टोबरात समुद्र सर्वाधिक खवळलेला असतो. पण खाद्य मुबलक असल्याने पक्षी आणि पेंग्विन जोमात असतात. सांता क्रूझवरची महाकाय कासवंही या काळात डोंगरावर जास्त दिसतात, कारण खालचा चारा वाळला की मोठी कासवं चढण चढून वर येतात.

महिन्याच्या बाबतीत सगळ्यात आडमुठा पक्षी म्हणजे अल्बट्रॉस. इथल्या जातीची जवळजवळ सगळी वीण एस्पान्योला या एकाच बेटावर होते. मार्चअखेरीस ते येऊ लागतात आणि डिसेंबरात निघून जातात. जानेवारी-फेब्रुवारीत एस्पान्योलाला गेलात तर त्यांची जागा रिकामी. उलट निळ्या पायांचे बूबी, समुद्रसिंह, समुद्री इग्वाना हे बाराही महिने भेटतात. त्यांच्यासाठी तारखा हलवायची गरज नाही.

एकच महिना सांगायचा तर मे. पाणी अजून फार गार झालेलं नसतं, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, अल्बट्रॉस आलेले असतात.

बोटीवर राहायचं की गावात?

खर्च, दगदग आणि काय दिसणार, हे सगळं या एका निर्णयावर ठरतं. म्हणून त्याला घाई नको.

बोटीवर राहिलात तर रात्री प्रवास आणि दिवसा बेट असं चक्र असतं. बहुतेक बोटी १६ प्रवाशांच्या असतात, कारण एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ जण असा नियम आहे. सर्वांत मोठी जहाजं शंभर प्रवाशांची. त्यांवर गाइड अनेक असतात आणि गट पाळीपाळीने उतरतात. तेवढी पाळी आली की किनाऱ्यावरचा वेळ कमी होतो. बोट लागत असेल तर मोठं जहाज किंवा कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची बोट, बरं; बाकीच्यांनी १६ जणांची बोट घ्यावी.

दुसरा नियम मार्गाबद्दलचा. एकाच बोटीला एकाच ठिकाणी १४ दिवसांच्या आत परत जाता येत नाही. त्यामुळे बोटी पंधरवड्याचं चक्र आखतात आणि त्याचे आठ, पाच, चार दिवसांचे तुकडे पाडून विकतात. आठवड्यात ‘सगळं गालापागोस’ दाखवणारी बोट असूच शकत नाही. निवड साधारण तीन दिशांत करायची:

पश्चिमेचा मार्ग, म्हणजे इसाबेलाची मागची बाजू आणि फर्नांदिना: पेंग्विन, उडणं विसरलेले पाणकावळे, लाव्हाच्या खडकावर शेकड्यांनी पहुडलेले समुद्री इग्वाना. हे पाणकावळे याखेरीज कुठेच मिळत नाहीत.

आग्नेयेचा मार्ग, म्हणजे एस्पान्योला, फ्लोरेआना, सान क्रिस्तोबाल: अल्बट्रॉस, बूबी आणि मॉकिंगबर्ड हे छोटे पक्षी.

उत्तरेचं जेनोवेसा: लाल पायांचे बूबी आणि एकूणच पक्ष्यांचा गजबजाट. इथे पोहोचायला रात्रभर उघड्या समुद्रातून जावं लागतं, तेव्हा बोट लागणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने पश्चिमेचा मार्ग घ्यावा असं आमचं मत आहे. बूबी आणि समुद्रसिंह कुठूनही दिसतील; फर्नांदिना दिसणार नाही.

जाहिरातीतले दिवस मोजताना सावध राहा. ‘आठ दिवस’ यात येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरलेला असतो, म्हणजे पूर्ण दिवस सहा. ‘पाच दिवस’ म्हणजे तीन. शिवाय तुमच्या आठ दिवसांच्या मधोमध बोट दुसऱ्या प्रवाशांना सोडा-घ्यायला बाल्त्राच्या विमानतळाशी येणार असेल तर तुमचा जवळपास अर्धा दिवस त्यात जातो. दिवसवार, सकाळ-दुपार ठिकाणांच्या नावांसह तक्ता मागवा. तो द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

केबिन निवडताना खिडकीच्या आकारापेक्षा जागा बघा. बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सगळ्यात कमी. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर आणि डिझेलचा वास.

शेवटच्या क्षणी स्वस्तात मिळणाऱ्या जागांबद्दल बरंच ऐकायला मिळतं. सांता क्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावातल्या एजंटांकडे त्या मिळतातही. पण तिथे मिळते ती उरलेली जागा, उरलेल्या मार्गावरची. ज्याच्याकडे दोन-तीन मोकळे आठवडे आहेत त्यानेच हा डाव खेळावा.

गावात राहून फिरणं निम्म्याहूनही स्वस्त पडू शकतं. सांता क्रूझ, सान क्रिस्तोबाल आणि इसाबेला या तीन बेटांवर मुक्काम करायचा आणि रोज सकाळी एकेका सहलीला निघायचं. दिवसभराच्या बोटसहली साधारण १२० ते २५० डॉलरच्या. नॉर्थ सेमूर, बार्तोलोमे, साउथ प्लाझा, सांता फे आणि सान क्रिस्तोबालहून एस्पान्योलासुद्धा एका दिवसात होतं. फर्नांदिना आणि जेनोवेसा मात्र बोटीवर मुक्काम केल्याशिवाय धरू नका. बार्तोलोमेचा सुळका छायाचित्रात सगळ्यांनी पाहिलेला असतो म्हणून त्या सहलीला गर्दी. पक्षी बघायचे असतील तर त्याच पैशांत नॉर्थ सेमूर जास्त देतं. तिथे फ्रिगेटबर्डचे नर गळ्याची लाल पिशवी फुगवून बसलेले अगदी वाटेलगत दिसतात.

निघण्याआधीचे कागद

भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा लागतो. त्यासाठी हाताशी पुरेसे आठवडे ठेवा. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा वेगळा लागतो, कारण अमेरिकेत विमानतळाबाहेर न पडतासुद्धा इमिग्रेशनमधून जावंच लागतं.

पीतज्वराची लस हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा मुद्दा. गालापागोसवर पीतज्वर नाही. पण भारत सरकार देशानुसार यादी करतं आणि इक्वेडोर त्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत लसीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

कीटो किंवा ग्वायाकीलहून बेटांवर

मुख्य भूमीपासून बेटं सुमारे एक हजार किलोमीटर लांब. विमानं कीटो आणि ग्वायाकीलहून सुटतात. कीटोची बरीच विमानं ग्वायाकीलला थांबा घेतात. कीटो समुद्रसपाटीपासून २,८५० मीटरवर आहे. लांबच्या प्रवासाने थकून तिथे उतरल्यावर डोकं दुखणं, दम लागणं सर्रास होतं. हा त्रास नको असेल तर सरळ ग्वायाकील गाठा आणि विमानतळाजवळच रात्र काढा. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून त्याच दिवशी बेटांचं विमान पकडायचा बेत करू नका: एक विमान चुकलं तर बोट पुढे निघून जाते, ती तुमच्यासाठी थांबत नाही.

मुख्य भूमीहून येणारी विमानं उतरतात असे विमानतळ दोन: सांता क्रूझच्या उत्तरेला लागून असलेलं बाल्त्रा, आणि सान क्रिस्तोबाल. गावात राहून फिरणाऱ्यांनी एकाला उतरावं आणि दुसऱ्याहून परतावं, म्हणजे बोटीची एक फेरी वाचते. बोटीचं आरक्षण असेल तर ती कुठून सुटते ते आधी बघून मगच तिकीट काढा.

विमानतळावर किमान अडीच तास आधी पोहोचा आणि याच क्रमाने जा.

पहिलं, गालापागोस शासकीय परिषदेच्या काउंटरवर प्रवास नियंत्रण पत्र घ्या. शुल्क माणशी २० डॉलर. ऑनलाइन पूर्वनोंदणी केलेली असेल तर रांग लवकर सरकते. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं किंवा बोटीचं आरक्षण दाखवावं लागतं. पर्यटकाला जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं.

दुसरं, सामानाची जैवसुरक्षा तपासणी. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, माती, कच्चं मांस यातलं काही नको. रुजू शकेल असं काहीच बॅगेत ठेवायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. घरून बांधून घेतलेली कच्ची कडधान्यं आणि मोडाचे मूग यात अडकतात. बुटांच्या तळाला चिकटलेली माती घरीच धुऊन काढा. तपासून झाल्यावर बॅगेला सील लागतं.

तिसरं, एअरलाइनचं चेक-इन. सील नसलेली बॅग तिथून परत पाठवतात, आणि घाईत सगळ्यात जास्त धावपळ याच कारणाने होते.

बेटावर उतरल्यावर उद्यानाचं प्रवेशशुल्क भरायचं. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पाहुण्यांसाठी ते २०० डॉलर आहे, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी १००, दोन वर्षांखालच्यांना काही नाही. हे पैसे रोख लागतात. चौघांचं कुटुंब असेल तर ही रक्कम वेगळ्या पाकिटात मोजून ठेवा. इक्वेडोरचं चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलरच आहे, त्यामुळे बदलून घ्यायची भानगड नाही.

घड्याळ एक तास मागे घ्या. मुख्य भूमी आणि बेटं यांच्या वेळेत तेवढा फरक आहे. बोटीवर मात्र कधीकधी जहाजाची वेळ वेगळी पाळतात, ती विचारून घ्या.

बाल्त्राहून गाव गाठायला तीन टप्पे लागतात. विमानतळाहून बसने इताबाका खाडीपर्यंत (५ डॉलर), खाडी ओलांडायला छोटी बोट (१ डॉलर), आणि पलीकडून पुएर्तो आयोरापर्यंत बस (५ डॉलर) किंवा टॅक्सी (साधारण २५ ते ३० डॉलर). शेवटचा टप्पा बेट ओलांडून जातो, सुमारे ४० किलोमीटर. वाटेतच डोंगरावर कासवांची कुरणं आणि लॉस हेमेलोस ही खचून तयार झालेली जुळी विवरं आहेत. तिघे-चौघे असाल तर टॅक्सीवाल्याशी थांबायचं आधीच ठरवा. कासवांसाठी पुन्हा वेगळा दिवस आणि वेगळी टॅक्सी करायची गरज उरत नाही.

बेटाबेटांमधला प्रवास

गावांना जोडणाऱ्या ‘लांचा’ म्हणजे दोन-तीन इंजिनांच्या वेगवान होड्या. बहुतेक मार्गांवर दिवसाला दोन फेऱ्या, एक भल्या सकाळी, एक दुपारी. साधारण दोन तास, भाडं तीस-पस्तीस डॉलर. सगळं सांता क्रूझवरून जातं. इसाबेला ते सान क्रिस्तोबाल थेट जायचं तर आठ-नऊ जणांचं छोटं विमान. तिकीट आदल्या दिवशी काढा. निघायच्या आधी पाऊण तास धक्क्यावर या, कारण प्रत्येक बेटावर जाताना सामान पुन्हा तपासतात. सांता क्रूझवर घेतलेलं केळंसुद्धा इसाबेलाला नेता येत नाही. इसाबेलाच्या धक्क्यावर परदेशी माणसाला १० डॉलर शुल्क. धक्का ते लांचा या टप्प्याला पाणटॅक्सी लागते, तिच्यासाठी सुटी नाणी खिशात ठेवा.

लांचा लाटांवर आपटत जाते. पुढच्या बाकांवर पाठीचे मणके मोजता येतील इतके दणके बसतात. मागे बसा, थोडं भिजाल, पण हवा लागते आणि क्षितिज दिसतं. उलटी थांबवणारी गोळी, मेक्लिझिन किंवा डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी, निघण्याच्या तास-दीड तास आधीच पोटात हवी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा तशीच बाहेर येते.

आठ दिवस गावात राहून

पहिला दिवस: बाल्त्रा, वाटेत कासवं, मुक्काम पुएर्तो आयोरा. दुसरा: नॉर्थ सेमूर. तिसऱ्या दिवशी सकाळी तोर्तुगा बे. गावाच्या टोकाला नाव नोंदवून अडीच किलोमीटरची फरसबंदी वाट चालत जायची, गाइड लागत नाही. पहिल्या मोठ्या पुळणीवर प्रवाह ओढतो, तिथे पोहायचं नाही; पुढे शांत खाडी आहे. वाटेत पाणी मिळत नाही. दुपारच्या लांचाने इसाबेला.

चौथा दिवस लॉस तुनेलेसला. लाव्हाच्या नळ्या कोसळून झालेल्या कमानी आणि त्यांच्या मधलं उथळ, स्वच्छ पाणी: समुद्री कासवं, कपारीत विसावलेले छोटे शार्क, नशीब असेल तर समुद्री घोडे. पैसे मर्यादित असतील तर बाकीच्या सहली कापा, ही ठेवा. भरती आणि लाटा जमल्या नाहीत तर आत शिरता येत नाही आणि सहल रद्द होते, म्हणून इसाबेलातल्या पहिल्याच दिवशी धरा. पुढे एक दिवस हाताशी राहतो.

पाचवा: सिएरा नेग्रा ज्वालामुखी. जाऊन-येऊन सुमारे १६ किलोमीटर, पाच-सहा तास, गाइड सक्तीचा. विवर जवळजवळ दहा किलोमीटर रुंद आहे आणि २०१८ मध्ये हा ज्वालामुखी जागा झाला होता. वर धुकं आणि पाऊस, पलीकडे उतरलं की सावलीचं एक झाड नाही. रेनकोट आणि दोन लिटर पाणी दोन्ही न्या. संध्याकाळी धक्क्याजवळच्या कोंचा दे पेर्लामध्ये फुकट पोहता येतं, आणि बहुतेक वेळा समुद्रसिंह तिथे आधीपासून हजर असतात.

सहावा दिवस प्रवासाचा आणि कंटाळवाणा: सकाळची लांचा सांता क्रूझला, दुपारची सान क्रिस्तोबालला. सातवा: किकर रॉक. समुद्रातून उभा चढलेला खडक, मध्ये चिरलेला. त्या अरुंद, खोल फटीतून पोहत जायचं, खाली शार्क आणि रे हे चपटे मासे. पाय टेकायला जागा नाही आणि प्रवाह असतो. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालूनही ही जागा टाळा. आठव्या दिवशी ला लोबेरिया किनारा आणि तिथूनच विमान. विमानतळ गावाला लागूनच आहे.

पाण्यात उतरताना

इथलं निम्मं गालापागोस पाण्याखाली आहे, तेव्हा मास्क भाड्याचा घ्या किंवा स्वतःचा, पण बसवून बघा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा घ्या. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट रबराची कड दुमडून वाढते. मिशीमुळे पाणी शिरतं. वरच्या ओठावर थोडं पेट्रोलियम जेली लावलं की बरंच थांबतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने आतून चोळून धुतल्याशिवाय धुकं जाणार नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी बेबी शाम्पूचा एक थेंब पुरतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क घरूनच करून न्या. तिथे आयत्या वेळी मिळेल याचा भरवसा नाही.

वेटसूट उबदार महिन्यांत ३ मिलिमीटरचा, थंड महिन्यांत ५ मिलिमीटरचा. थंडीने दात वाजायला लागले की माणूस पंधरा मिनिटांत बोटीवर परततो आणि कासव नंतर येतं.

बोटीच्या पांगातून, म्हणजे रबरी होडीतून, उतरणं दोन प्रकारचं: खडकावर किंवा धक्क्यावर कोरडं, आणि पुळणीवर गुडघाभर पाण्यात ओलं. पहिल्यासाठी बूट पायात हवेत, दुसऱ्यासाठी पट्ट्याच्या सँडल. आदल्या रात्री फळ्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. उतरताना खलाशाचा पंजा पकडू नका, मनगटाला मनगट धरा. ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही.

दोन मीटर, आणि का

प्राण्यांपासून दोन मीटर अंतर, स्पर्श नाही, खाऊ नाही, फ्लॅश नाही, ड्रोन नाही, खुंट्यांनी आखलेली वाट सोडायची नाही, वाळू-शंख-लाव्हा उचलायचा नाही. अवघड जातं ते पहिलंच, कारण इथले प्राणी माणसाला भीत नाहीत आणि अंतर राखायचं काम सर्वस्वी आपल्यावर पडतं. समुद्रसिंहाचं पिल्लू एकटं दिसलं तर ते अनाथ समजू नका. आई मासे धरायला गेलेली असते. परत आल्यावर ती त्याला आवाज आणि वासावरून ओळखते, म्हणून त्याला हात लावणं घातक. मोठ्या नराजवळ मात्र दोन मीटरही कमीच. पाण्यात तो तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये ओरडत येरझाऱ्या घालू लागला की वाद न घालता बाजूने निघा; तो चावतो. एस्पान्योलावर मॉकिंगबर्ड पाण्याच्या बाटलीवर येऊन बसतात, कारण बेटावर गोडं पाणी जवळजवळ नाही. तरी त्यांना थेंबही द्यायचा नाही.

सामानतपासणीचा वैताग येतो तेव्हा दोन गोष्टी आठवाव्यात. इसाबेलाच्या उत्तर भागात आणि सांतियागो बेटावर माणसाने आणलेल्या शेळ्यांनी कासवांचा चारा इतका फस्त केला की २००६ पर्यंत चाललेल्या मोहिमेत लाखाहून जास्त शेळ्या हटवाव्या लागल्या. आणि बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या फिंच पक्ष्यांच्या घरट्यात पिल्लांचं रक्त शोषतात. तिच्यावर अजून पक्का इलाज सापडलेला नाही.

बॅग, पैसे, जेवण

ऊन डोक्यावर सरळ पडतं, ढगाळ दिवशीही भाजतं. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, गळ्याला दोरी असलेली टोपी, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. लाव्हा धारदार असतो, म्हणून जाड तळाचे बंद बूट. कोरडी पिशवी एक. दोन चपट्या पिनांचा प्लग, वीज १२० व्होल्टची. मोबाइल-कॅमेऱ्याचे चार्जर चालतात, भारतातली पाण्याची कॉइल नीट तापत नाही.

नळाचं पाणी पिऊ नका. हॉटेलात आणि बोटीवर बाटली भरून मिळते. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्या, स्ट्रॉ यांना बेटांवर बंदी आहे. नोटा १, ५, १० आणि २० डॉलरच्या ठेवा, शंभराची नोट छोटी दुकानं नाकारतात. एटीएम पुएर्तो आयोरा आणि सान क्रिस्तोबालला आहेत. इसाबेलाला जाताना लागणारी रोकड आधीच काढा.

शाकाहारी असाल तर स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हणून चालत नाही. ‘कार्ने’ म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी गुरांचं मांस, त्यामुळे ताटात कोंबडी किंवा मासा येतो. ‘नि पोयो, नि पेस्कादो’ (कोंबडी नको, मासा नको) हे जोडा. भात, ‘मेनेस्त्रा’ म्हणजे डाळ किंवा घेवड्याचं घट्ट कालवण, आणि ‘पाताकोनेस’ हे कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप, एवढ्यावर पोट नीट भरतं. बोटीवर जेवणाची अट आरक्षणातच लेखी द्या, बोट सुटल्यावर भाजी आणायला बाजार नसतो.

परतीच्या दिवशी

सकाळी उशिरापर्यंत पुळणीवर रेंगाळणं बाल्त्राहून जाणाऱ्यांना महागात पडतं: गाव ते विमानतळ टॅक्सी, होडी, बस मिळून दीड तास धरा, आणि त्यावर विमानतळाचे दोन तास. येताना मिळालेलं नियंत्रण पत्र इथे परत द्यायचं असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून ते पासपोर्टातच ठेवा. सामान एक्स-रेतून जातं. मुलांनी खिशात टाकलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे आदल्या रात्रीच शोधून किनाऱ्यावर टाकून या. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र असलेलं पिवळं पुस्तक चेक-इनच्या बॅगेत घालू नका. भारतात उतरल्यावर ते सामान हाती येण्याच्या आधीच, आरोग्य तपासणीच्या टेबलावर मागतात.